बेकरीच्या काचपेटीतलं पिस्तूल

गार्दोने, मेल्ला नदीच्या डाव्या काठावरून
सप्टेंबरचा शेवटचा मंगळवार

आदरणीय मदर चेलेस्टीना यांच्या सेवेशी मावसबहीण एर्मेलिंडा हिचा सविनय नमस्कार.

आपला गुडघा, आपल्या मधमाश्या, मठाचं गळकं छप्पर आणि नव्याने दाखल झालेल्या त्या दोन मुली (ज्यांना भांडी घासता येत नाहीत असं आपण ईस्टरच्या पत्रात कळवलं होतं) यांचं सर्व क्षेम असेल अशी आशा करते. इकडे आम्ही ठीक आहोत. माझा रक्तदाब डॉक्टरांना पसंत नाही, मला डॉक्टर पसंत नाहीत, तेव्हा फिटंफाट. आमचे हे नेहमीसारखेच आहेत. जेवतात, झोपतात आणि बोलण्याचं काम माझ्यावर सोपवतात. आपण पाठवलेलं मेण पोचलं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

इथवरचं अहो-जाहो तुझ्या पदाला होतं, क्लोटिल्डा. पुढचं तुला आहे, तुझ्या घरच्या नावाने. आणि हे पत्र तुमच्या रिवाजाप्रमाणे जेवणघरात मोठ्याने वाचून दाखवणार असशील तर सूप संपल्यावर वाच, कारण यात खाण्याच्या बाबतीत एक अपराध घडलेला आहे आणि तो माझ्या हातून घडला आहे.

आपला कारखाना बंद झाल्याचं तुला ठाऊकच आहे. आता गावाने नदीकाठची जुनी धुण्याची जागा रंगवून तिथे एक खोली केली आहे, कारखान्याच्या आठवणीसाठी. भिंतीवर फोटो आहेत, कोपऱ्यात एक लेथ आहे (जी चालू असतानाही चालत नव्हती), आणि मधोमध एक काचपेटी. ही पेटी चौकातल्या बेकरीने दिली. कालपरवापर्यंत तिच्यात क्रीमचे केक बसत होते, आणि झाकण उघडलं की अजून व्हॅनिलाचा वास येतो. तर या पेटीत आपल्या कारखान्याचं एक पिस्तूल ठेवायचं. एकच, कारण परवाना एकाच हत्याराचा आहे. यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष आपले नवे पाद्री डॉन फिर्मो, चिटणीस माझे धाकटे दीर जोव्हिता, आणि सभासद मी, म्हणजे कॉफी करायला.

पहिल्याच बैठकीत जोव्हिताभावजींनी बंद सांगाड्याचं पिस्तूल ठेवायचं असं सुचवलं. सुचवलं म्हणजे जाहीर केलं, कारण खिशातून लगेच कार्डाचा मजकूर निघाला, घडी घातलेला. ‘या खोऱ्यातील कारागिरांची निर्मिती. सांगाडा विभाग, मुकादम जोव्हिता बेल्लेरी.’ मी कॉफीची किटली खाली ठेवली. (पुढच्या बैठकीपासून कॉफी बंद आहे, हे जाता जाता सांगून ठेवते.)

तुला यातलं सगळं माहीत आहे, पण त्या दोन मुलींसाठी सांगते, म्हणजे भांडी घासत नसताना त्यांच्या डोक्यात काहीतरी पडेल. अमेरिकेतले लोक दीडशे वर्षांपूर्वी एकमेकांवर ज्या पिस्तुलांनी गोळ्या झाडत होते, त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती आपल्या खोऱ्यात बनतात आणि पुन्हा त्याच अमेरिकनांना विकल्या जातात. त्यांत काडतूस नसतं. बंदुकीची काळी दारू हाताने ठासायची, वर शिशाची गोळी बसवायची, मागे तांब्याची छोटी टोपी चढवायची, आणि घोडा टोपीवर आपटला की धूरच धूर. अशा पिस्तुलांचे सांगाडे दोन तऱ्हेचे. बंद सांगाडा म्हणजे खिडकीची चौकट. खाली, मागे, पुढे आणि वरसुद्धा लोखंड, आणि मधल्या मोकळ्या जागेत सहा खणांची चक्री. नळी पुढच्या बाजूला आट्यांवर पिळून बसवलेली, कायमची. मशीनमध्ये ठोकळा घालायचा, मशीन भोक पाडतं आणि मुकादम मिशीला पीळ देतो. उघड्या सांगाड्याला वरची पट्टीच नाही, चक्रीच्या डोक्यावर नुसतं आभाळ. चक्रीच्या मधून एक जाड आस पुढे येतो, त्यावर नळी सरकवायची, आणि नळीला आणि आसाला आडवं बांधून ठेवते ती एक पाचर. करंगळीएवढी. ती काढली की पिस्तुलाचे तीन तुकडे हातात.

सगळं त्या पाचरीवर असतं, क्लोटिल्डा. सैल झाली तर नळी डुलते. घट्ट झाली तर चक्री जागच्या जागी धरली जाते आणि फिरत नाही. ती अशी हवी की अंगठ्याने दाबली तर आत जावी आणि शंभर गोळ्या झाडल्या तरी जागची हलू नये. हे मशीनला जमत नव्हतं. दुसऱ्या बाकावरच्या आम्हा अकरा बायकांना जमत होतं, कानशीने, एकेक पाचर एकेका पिस्तुलाला लावून बघत, चौतीस वर्षं. हजेरीपुस्तकात आमच्या नावांपुढे काय लिहिलेलं असायचं माहीत आहे? ‘किरकोळ घासकाम.’ आता पेटीत जर ती चौकट जाऊन बसली, तर आम्ही अकरा जणी त्या कारखान्यात कधी नव्हतोच असं ठरणार. चौकटीला पाचर नसते.

हे मी बैठकीत शांतपणे सांगितलं. (आमचे हे म्हणतात की शेजारच्या गल्लीत ऐकू आलं. ते त्या दिवशी बोलले, ते एवढंच.) त्यावर भावजी म्हणाले, “वहिनी, छप्पर नसलेलं घर कुणी पाहुण्यांना दाखवतं का?”

“दाखवतात की भावजी. त्याला अंगण म्हणतात.”

मग त्यांनी उघड्या सांगाड्याची उणीदुणी काढायला सुरुवात केली. फुटलेल्या टोपीचा पत्रा घोड्याच्या फटीत पडतो आणि पिस्तूल अडतं. नेम धरायची खाच घोड्याच्याच डोक्यावर, म्हणजे नेम धरायला आधी घोड्याची परवानगी. आणि त्या पितळी सांगाड्यांचं काय, जे जास्त दारू भरली की ताणले जातात? मी म्हटलं, पितळ मालकांच्या कंजूषपणातून आलं, आमच्या बाकावरून नाही, पोलादी सांगाडा कधी ताणलेला दाखवा. आणि तुमच्या चौकटीतला तो आस, काडीसारखा बारीक, त्याच्यावर काजळी धरली की बाराव्या गोळीला चक्री रुसते आणि शेंबड्या पोराचं नाक पुसावं तसं तिला पुसत बसावं लागतं. आमच्या आसाला खोबणी असतात, वंगण धरून ठेवतात त्या.

डॉन फिर्मो हे खालच्या सपाट मुलुखातले, त्यांना गाईंतलं कळतं. ते हळूच म्हणाले की दोन्हींपैकी जे दिसायला बरं असेल ते ठेवलं तर चालणार नाही का. त्यावर मी आणि भावजी दोघेही एकदम त्यांच्यावर धावून गेलो. वीस वर्षांत आमचं एकमत झालेलं हे पहिलंच. शेवटी घाबरून त्यांनी तोडगा काढला. गावच्या उत्सवाच्या रविवारी, खाणीतल्या नेमबाजीच्या मैदानावर, दोन्ही पिस्तुलांनी परीक्षा द्यावी, आणि त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी जे पटेल ते पेटीत जाईल.

भावजींनी लगेच हो म्हटलं, कारण ते दर शनिवारी नेम धरायला जातात. मीही लगेच हो म्हटलं, आणि एक बारीकशी अट घातली. अठरा गोळ्या, सहा-सहाच्या तीन फैऱ्या, आणि मधे पिस्तूल पुसायचं नाही. भावजींची मिशी जरा खाली आली. बाराव्या गोळीचं गणित त्यांनाही येतं. (नेमाबद्दल म्हणशील तर मी अजून ठीक आहे. शाळेत सिस्टरांनी जपमाळ म्हणताना दोन मण्यांच्या मधे श्वास सोडायला शिकवलं, तेवढ्यात चाप ओढायचा. त्यांनी ते यासाठी शिकवलं नव्हतं हे मला मान्य आहे.)

आता अपराध. उत्सवाच्या दिवशी मैदानाच्या शेडमध्ये पहाटेपासून स्पिएदो फिरत होता. सहा तास मंद आचेवर सळया फिरतात, डुकराचे तुकडे, कोंबडी, बटाटे, मधे सेजची पानं, आणि त्यावर वितळलेलं लोणी सतत सोडायचं. ते काम आपल्या सान्तीनाकडे. ती चौऱ्याऐंशीची झाली, आमच्या बाकावरची सगळ्यात मोठी, आणि आता तिला डोळ्यासमोर आणलेली वस्तू दिसते पण पळीतली वस्तू दिसत नाही. त्याच टेबलावर मी पिस्तुलांचं वंगण करून ठेवलं होतं. बोकडाची चरबी आणि तुझं मेण, एकत्र वितळवून. गोळी बसवली की खणाच्या तोंडावर बोटभर लावतात, म्हणजे ठिणगी शेजारच्या खणात जात नाही आणि काजळी मऊ राहते. दोन पिवळी भांडी, एकाच कारखान्याची, एकाच लग्नात मिळालेली. मी घाईत एक उचललं आणि मैदानावर नेलं. कुठलं ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

आम्ही दोघे शेजारी शेजारी उभे राहून ठासायला लागलो. दारू, तिच्यावर चमचाभर रवा (हो, रवाच. खणात उरलेली जागा भरायला आपल्याकडे रवा घालतात, मुलींना सांग), मग गोळी, मग वंगण. भावजी बोट हुंगून म्हणाले, “वहिनी, तुमच्या वंगणाला जेवणाचा वास येतोय.” मी म्हटलं, तुम्हाला सगळ्यालाच येतो. आणि कामाला लागले.

दुपारचं ऊन, क्लोटिल्डा. लोणी ते लोणी. दुसऱ्या फैरीपर्यंत ते वितळून ओघळायला लागलं. माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. भावजींच्या बाहीत शिरलं, आणि त्यांच्यामागे दोन कुत्री येऊन बसली, अगदी नम्रपणे. प्रत्येक गोळीबरोबर धुरातून तळलेल्या सेजचा वास येत होता, आणि लोक म्हणत होते की आज स्पिएदो फारच छान झालेला दिसतो. मी मात्र मनात मोजत होते. दहा. अकरा. बारा. आता यांची चक्री रुसणार. तेरा. चौदा. ती रुसली नाही. ती लोण्यात फिरत होती, तालेवाराच्या सुनेसारखी. वितळलेलं लोणी चौकटीतून थेट त्या काडीसारख्या आसावर उतरत होतं आणि काजळीला बसूच देत नव्हतं. माझ्या अटीवर माझ्याच भांड्यातलं लोणी पडलं.

आणि माझ्या चौदाव्या गोळीनंतर घोडा मागे येईना. टोपीचा पत्रा फटीत पडला होता. जे भावजींनी बैठकीत सांगितलं होतं तेच, सबंध गावासमोर.

कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. भावजींनी त्यांचं पिस्तूल खाली ठेवलं आणि म्हणाले, “वहिनी, सावकाश. मी थांबतो.” मला त्यांचा इतका राग आला की बोटं आपोआप कामाला लागली. मी उरलेल्या खणांवरच्या टोप्या काढल्या, टेबलावर रुमाल पसरला, अंगठ्याने पाचर दाबली. ती निघाली. इतक्या वर्षांनी, धुराने आणि लोण्याने भरलेली असूनही, अंगठ्याने निघाली. नळी काढली, चक्री काढली, पत्र्याचा तुकडा केसातल्या आकड्याने उपसला, चक्री घातली, नळी सरकवली, पाचर दाबली, टोप्या पुन्हा चढवल्या. आमचे हे म्हणतात एक मिनिटसुद्धा लागलं नाही. (हे त्यांचं या महिन्यातलं दुसरं वाक्य.) उरलेल्या चारही गोळ्या मी झाडल्या. भावजींच्या माझ्यापेक्षा तीन गोळ्या जास्त बसल्या. हे मी लिहिते आहे कारण मी शाळेत खोटं न बोलायला शिकले. नाहीतर लिहिलं नसतं.

पण डॉन फिर्मो निशाण्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या रुमालाकडे बघत होते. त्यांनी मला पाचर पुन्हा काढायला सांगितली आणि ती तळहातावर घेतली. म्हणाले, “म्हणजे हे सगळं एवढ्याशा तुकड्यावर उभं असतं? हा कुणी केला?”

मी ‘आम्ही’ म्हणणार होते. तेवढ्यात सान्तीना पळी घेऊन तिथे आली, कारण तिच्या स्पिएदोवर कसलासा पापुद्रा धरतोय अशी तक्रार करायची होती. तिने डॉन फिर्मोंच्या हातावरून पाचर उचलली, एप्रनला पुसली, डोळ्यापाशी नेली, उन्हात तिरकी धरली. आणि म्हणाली, “ही लुचिंडाची.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“डावरी होती ती. कानशीच्या रेघा बघा की, उलट्या बाजूने येतात. आम्हा बाकीच्यांच्या इकडून जातात.”

आपल्या वर्गातली लुचिंडा, क्लोटिल्डा. खिडकीपाशी बसायची ती. सिस्टर तिचा डावा हात पाठीशी बांधून ठेवायच्या, आणि ती उजव्या हाताने असं अक्षर काढायची की तिची वही वर्गाला दाखवून हसवायच्या. कारखान्यात तिचा हात कुणी बांधला नाही. अकरा जणींत सगळ्यात सफाईदार काम तिचं, आणि ती जाऊन आता सहा वर्षं झाली. मी ते पिस्तूल नुसतं घरातलं म्हणून नेलं होतं. पाचर कुणाची ते मीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

भावजींनी डोक्यावरची टोपी काढली. वाकून रुमालावरचे तीन तुकडे पाहिले. मग म्हणाले, “फादर, उघडंच ठेवा पेटीत. आणि जोडून नको. असंच सुटं ठेवा, पाचर पुढे.” मी तोंड उघडलं होतं त्यांना काहीतरी सुनवायला, पण सुनवण्यासारखं त्यांनी काही ठेवलंच नव्हतं. असा माणूस भांडायला अगदीच निरुपयोगी. मी त्यांच्या बाहीवरचं लोणी पुसून दिलं, तेवढंच.

त्यानंतर आम्ही सगळे जेवायला बसलो. स्पिएदो दिसायला अप्रतिम होता, वेदीवरच्या मेणबत्तीसारखा चकाकत होता, आणि पहिल्या घासाला सबंध गावाचे दात एकमेकांना चिकटले. अर्धा तास कुणाला बोलता आलं नाही. डॉन फिर्मोंनी नंतर सांगितलं की त्यांच्या कारकिर्दीत गावाने इतकं मनापासून मौन कधी पाळलं नव्हतं. मग कुणीतरी हसायला लागलं, ते सान्तीनाला लागलं, तिचं भावजींना, आणि आमचे हेसुद्धा, पोलेंताचं मक्याचं पीठ ढवळता ढवळता, खांदे हलवत हसले. तुझं मेण उत्तम आहे. मजबूत आहे. बोकडाची चरबी आम्ही न बोलता खाल्ली.

गुडघ्याला जप. मधमाश्यांना आणि त्या दोन मुलींना माझे आशीर्वाद.

तुझी,
एर्मेलिंडा आबेनी

ता.क. मुख्य गोष्ट राहिली. पेटीतलं कार्ड. डॉन फिर्मो ते कॉम्प्युटरवर छापणार म्हणतात, माशाच्या दुकानातल्या पाटीसारखं. मी त्यांना सांगितलं की माझी मावसबहीण सुलेखनात पाच वर्षं पहिली आली आहे आणि ती ते शाईने लिहून पाठवते आहे. तेव्हा तू ते लिहून पाठवते आहेस. अकरा नावं सोबतच्या चिठ्ठीवर आहेत, माहेरच्या आडनावांनिशी, हजेरीपुस्तकात होती तशी. ‘कुशल’, ‘थोर’ असले शब्द नकोत, नुसती नावं. माझं नाव पुढे यावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. आडनावांच्या अक्षरक्रमाने लिही म्हणजे कुणाला काही म्हणायला जागा नको. आबेनी पहिलं येतं, त्याला मी काय करणार. आणि लुचिंडाच्या नावापुढे ‘डावरी’ असं लिही. ते तुझ्या मठाच्या शाईने लिहिलेलं मला बघायचं आहे.

ता.क. दुसरा. हे जेवणघरात वाचू नकोस. खरं बघता बंद सांगाडाच जास्त मजबूत असतो. वरच्या पट्टीने नळी आणि चक्री एका ओळीत राहतात, नेमही सरळ लागतो. चौतीस वर्षं मला हे माहीत आहे, आणि माझा स्वतःचा पैसा घालून विकत घ्यायची वेळ आली असती तर मी चौकटच घेतली असती.

ता.क. तिसरा. पाकीट चिकटवता चिकटवता जोव्हिताभावजी येऊन गेले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, कार्डावर मुकादम वगैरे नको, पण त्या अकरा जणींच्या खाली, जागा उरली तर, नुसतं जोव्हिता एवढं बसेल का. मी म्हटलं, जागा उरणार नाही. तेव्हा तू ते लिही, बारीक अक्षरात, सगळ्यात खाली. पण आधी अकरा नावांची शाई पूर्ण वाळू दे आणि मग लिही, म्हणजे मागाहून घुसडलं आहे हे स्पष्ट दिसेल.